बदली

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत गुंडेटींचा कारखाना.
अठ्ठेचाळीस माग, त्यातले एकोणीस बंद.
उरलेल्यांचा आवाज एवढा, की सत्तय्याशेठ बोलत नाहीत,
नुसता हात हलवून सांगतात: आत, डिझाइनच्या खोलीत.

तिथं कॉम्प्युटर, टॉवेल पांघरून.
मंगळवारी लाइट आली ती वाजवीपेक्षा जास्तच आली
आणि नेटवर्क कार्ड गेलं.
स्क्रू काढायच्या आधी वासावरूनच कळलं मला.

नवं कार्ड सहाशेला मिळतं, नव्या पेठेत.
आणलं, बसवलं, हिरवा दिवाही लुकलुकला.
पण डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडेना.
ते ओळखतं जुन्या कार्डाचा बारा अक्षरांचा पत्ता,
बाकी कुणाला नाही.
फाटकावरच्या मुकादमासारखं वर-खाली बघतं
आणि विचारतं, तू कोण?

विकणारी कंपनी केव्हाच बुडाली.
तिच्या नंबरवर आता एक खानावळ फोन उचलते.
आणि आत अडकलीत सातशे बारा डिझाइनं,
राजमौळी मास्तरांनी चौकटी भरत भरत काढलेली.
मास्तर दिवाळीच्या आधीच गेले.
शेठ माझ्या कानाशी येऊन ओरडले, "अवुतदा?"
होईल, म्हटलं.

जळक्या कार्डावर स्टिकर होतं, अर्धं करपलेलं.
मोबाइलच्या उजेडात वाचलं:
शून्य शून्य, एक सी, सहा बी...
पहिल्या तीन जोड्या बनवणाऱ्याच्या घराण्याच्या,
पुढच्या तीन ज्याच्या त्याच्या.
शेवटचं अक्षर लागेना. आठ, की बी?

माझा आजोबा गिरणीत बदली होता.
मल्लय्या. कायम कधी झालाच नाही.
पहाटेच्या भोंग्याला फाटकाशी उभा राहायचा,
आज कोण आजारी पडलंय ते बघत,
आणि तसं बघितल्याची लाज घरी घेऊन यायचा.
कलप्पा हत्तुरेला ताप आला की
चारशे सतरा नंबरचा बिल्ला आजोबाच्या छातीवर.
आठ तास तो कलप्पा.
माग कधी विचारायचा नाही,
धागा तुटायचा तेवढाच तुटायचा.
एकदा कलप्पाला बरं वाटलं, तो दुपारीच आला.
एका खात्यात चारशे सतरा दोन!
मुकादमानं दोघांनाही हाकललं.

नेटवर्कचंही तेच.
एका पत्त्याचे दोघे भेटले
की पाकीट कुणाच्या हातात द्यायचं कळत नाही त्याला,
दोघंही उपाशी बसतात.
इथं ती भीती नव्हती. पहिला मेलेला होता,
माझ्या शर्टाच्या खिशात.

कार्ड झोपवलं. पत्ता बदलला. कार्ड उठवलं.
आठ घालून बघितलं, नाही.
बी घातला.

उघडलं.
पडद्यावर मास्तरांची शेवटची फाइल:
चादरीचा काठ, त्यात डाळिंबं,
आठ भरलेली, नववं नुसतं रेघेचं.
शेठ बराच वेळ त्या नवव्याकडे बघत राहिले.
मग खिशातून पैसे काढले, मोजले, पुन्हा मोजले.
"आता कायमचं झालं ना?"

कायमचं कसलं.
चिपमध्ये भाजून लिहिलेला पत्ता तसाच आहे,
त्याला मी हातही लावलेला नाही.
लाइट गेली की हे सगळं विसरणार
आणि स्वतःचं नाव घेऊन जागं होणार.
म्हणून एक ओळ ठेवलीय, चालू होतानाच चालणारी,
रोज त्याला सांगणारी, आज तू कोण.
एवढं सगळं ओरडून सांगता येईना.
मान हलवली.

फाटकापाशी पोचले आणि लाइट गेली.
माग एकदम नाही थांबले,
एक एक करत, शेवटचा तर बराच रेंगाळला.
मग मागून हाक आली, "मॅडम!"
शेठचा आवाज पहिल्यांदाच नीट ऐकला.
किती बारीक आहे.

उन्हात फाटकाला टेकून उभी राहिले.
लाइट आली की बघायचं,
उठतं कुणाच्या नावानं.